घाटाचं भाडं कोण देणार? परिवहनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

डोंगराळ भागातल्या शहरात मी मालवाहू गाडी चालवतो. गाडी माझी, हप्ता माझा, स्टिअरिंगवरही मीच. आमचं भाडं ज्या पद्धतीने ठरतं त्यात डोंगर कुठेच धरलेला नाही, म्हणून हे पत्र.

भाडं ठरतं किलोमीटरवर. सपाटीवरचे २०० किलोमीटर आणि घाटातले २०० किलोमीटर, गाडीला माल मिळवून देणाऱ्या दलालाच्या हिशेबात सारखेच. पण मालासकट ३० टनांची गाडी १,००० मीटर उंच चढवायची, तर निव्वळ चढासाठी सुमारे २० लिटर डिझेल जादा जळतं, इंजिन कितीही चांगलं असो. उतरताना ते भरून निघत नाही. उतारावर खालचा गिअर टाकून गाडी इंजिनवर धरून आणावी लागते. जरा घाई झाली की ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास केबिनमध्ये शिरतो, आणि पुढच्या वळणावर ब्रेक लागेल की नाही याची खात्री उरत नाही. म्हणून जाणता चालक घाट सावकाश उतरतो. त्यात वेळ जातो, लायनर आणि टायर लवकर जातात, आणि हा सगळा खर्च गाडीवाल्याच्या खिशातून होतो.

त्याहून मोठं दुखणं परतीच्या लोडचं. डोंगरातल्या शहरात सिमेंट, सळई, धान्य, इंधन सगळं खालून येतं; खाली पाठवायला माल फार थोडा. गाडी रिकामी झाली की आम्ही लोडसाठी रांगेत उभे. रिकामं परतणं कुणालाच परवडत नाही, हे दलालाला पक्कं ठाऊक असतं. तो जेमतेम डिझेल सुटेल एवढं भाडं सांगतो. आपण नाही म्हटलं तर मागचा हो म्हणतो, आणि त्याला तरी काय बोलायचं? त्याचाही हप्ता तोंडावर असतो. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांकडे वर्षाचे करार असतात, त्यांना जाण्या-येण्याचं भाडं एकत्र धरता येतं. एका गाडीच्या मालकाला ती सोय नाही.

हॉल्टिंगचंही, म्हणजे गाडी खोळंबल्याच्या भरपाईचंही, तेच. गोदामाच्या फाटकावर गाडी दोन दिवस खोळंबते. पोचपावतीवर शिक्का मारतात, तारीख टाकतात, पण गाडी आल्याची वेळ लिहीत नाहीत. पुढे हॉल्टिंग मागितलं की पुरावा विचारतात. बाकी भाड्यासाठी महिनोन्‌महिने फोन करत राहावे लागतात ते वेगळंच.

यावर उपाय नाही असं नाही. फ्रान्समध्ये वाहतुकीचं बिल ३० दिवसांत चुकतं करण्याचा कायदा आहे आणि डिझेलच्या भावातला फरक भाड्यात धरावाच लागतो. अमेरिकेत दलालाला व्यवहाराची नोंद ठेवावी लागते आणि गाडीवाल्याला ती पाहण्याचा हक्क आहे. मात्र तिथे अनेक दलाल करारातच तो हक्क सोडून द्यायला लावतात. आपण नियम कराल तेव्हा ही पळवाट आधी बुजवा.

पोचपावतीवर येण्या-जाण्याची वेळ लिहिणं सक्तीचं करा. त्याला फार खर्च नाही. घाटरस्त्याचा वेगळा दर भाड्यात धरायला लावा. आणि हे ठरवायला बैठक बोलवाल तेव्हा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांबरोबर एकेका गाडीच्या मालकांनाही बोलवा. तारीख आठवडाभर आधी कळवा, म्हणजे लोड न घेता येता येईल.

आपला,
एक मालक-चालक