पाळीव कुत्रा-मांजर सोडण्याआधी सहा आठवडे हातात ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळांचे निकाल लागले की बदल्यांचे आणि घर बदलण्याचे दिवस सुरू होतात. त्याबरोबर प्राणी निवाऱ्यांकडे एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात: ‘आम्ही शहर सोडतोय, आमच्या लॅब्रॅडॉरला आज घेऊन जाल का?’ पाळलेले जनावर काही घरांना खरोखरच सांभाळता येत नाही, आणि त्यासाठी कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पण ठरवले आज आणि सोडले उद्या, या घाईत त्या जिवाचे हाल होतात. चार ते सहा आठवडे हातात असतील तर बहुतेक कुत्र्या-मांजरांसाठी निवाऱ्यापेक्षा चांगला मार्ग काढता येतो.

आधी निवारा म्हणजे काय ते समजून घ्यावे. आपल्याकडचे निवारे मुख्यतः रस्त्यावरच्या जखमी प्राण्यांसाठी, देणग्यांवर चालतात. गाडीखाली सापडलेली, मागचे पाय लुळे पडलेली, जखमेत किडे झालेली कुत्री तिथे असतात. पांजरापोळ गुरांसाठी आहे. महापालिकेची गाडी भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्रे सहसा जिथून उचलले तिथेच सोडायचे असते. त्यामुळे ‘महापालिकेला सांगून उचलायला लावू’ हा पाळीव कुत्र्यासाठी मार्गच नाही.

घरात वाढलेल्या कुत्र्याला निवाऱ्यात दोन गोष्टी भोवतात. पहिली संसर्ग. पार्व्हो या जीवघेण्या जुलाबांच्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही, त्याला ब्लीच लागते. बाहेरून आलेल्या आजारी पिल्लांमुळे डिस्टेंपर या दुसऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोकाही असतोच. लस चुकली असेल तर निवाऱ्यात नेण्याच्या दिवशी ती टोचून पुरेसा उपयोग होत नाही, कारण पूर्ण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. दुसरी गोष्ट ताण. अखंड भुंकणे, जुलाब, अन्न न घेणे, पिंजऱ्यात गोल गोल फिरणे हे पहिल्या आठवड्यातच दिसते. मांजरांचे तर आणखी अवघड. अंगाने भरलेल्या मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकते.

मांजर ‘कुठेही जगेल’ म्हणून आणि कुत्रा ‘कोणीतरी खायला घालेल’ म्हणून नाशिकच्या तपोवनात, पांडवलेणीच्या पायथ्याशी किंवा महामार्गालगत सोडणे हे याहून वाईट. दुसऱ्या टोळीच्या हद्दीत अचानक आलेल्या कुत्र्यावर तिथली कुत्री तुटून पडतात. सोसायटीत वाढलेल्या कुत्र्याला वाहनांची भीती कळत नाही आणि पर्शियन मांजराला शिकार येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र आजही १० ते ५० रुपये आहे. इतक्या दंडाची जरब कोणाला वाटणार?

आता कारणांकडे येऊ, कारण निम्मी उत्तरे तिथेच सापडतात.

बदली हे कारण असेल तर प्रवासाची चौकशी आधी करावी. रेल्वेत फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचे केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल, तर कुत्र्याला सोबत नेता येते. टू-टायर, थ्री-टायर किंवा स्लीपरमध्ये नेता येत नाही. तेव्हा त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीतून पाठवावे लागते, आणि उन्हाळ्यात ते टाळलेलेच बरे. नोंदणी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. त्यासाठी लसीकरणाचे पुस्तक आणि पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. पग आणि पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उकाड्यात आणि विमानाच्या मालकक्षात श्वास घेणे जड जाते. त्यांना रात्रीच्या वेळी एसी गाडीतून न्यावे.

सोसायटीचा विरोध असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचाव्यात. बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सेक्रेटरींशी तोंडी वाद घालू नये. महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लसीची नोंद आणि नसबंदीचा दाखला जोडून लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. आपली बाजू भक्कम राहते ती पट्टा, स्वच्छता आणि परवाना यांमुळे. जिन्यातली घाण शेजाऱ्यांनी काढायची आणि आपण नियम दाखवायचे, असे चालत नाही. भाडेकरूंनी मात्र करार करण्याआधीच मालकाची संमती त्यात लिहून घ्यावी.

घरात बाळ येणार म्हणून मांजर काढून टाकण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. टोक्सोप्लाझ्मा या गर्भाला इजा करू शकणाऱ्या जंतूची भीती खरी आहे, पण मांजराच्या विष्ठेतले जंतू संसर्ग करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून विष्ठेचा ट्रे घरातल्या दुसऱ्या कोणी तरी रोज साफ करावा, मांजराला कच्चे मांस देऊ नये आणि गर्भवतीने मातीत काम करताना हातमोजे घालावेत. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा संसर्ग होतो. ॲलर्जीच्या बाबतीतही घाईने काही कळत नाही. मांजर गेल्यावरही त्याच्या कोंड्याचा अंश घरात काही महिने राहतो, त्यामुळे आठवडाभर ते दुसरीकडे ठेवून ‘फरक पडला नाही’ किंवा ‘पडला’ असे ठरवता येत नाही. आधी त्वचेची चाचणी करून घ्यावी. दोष अनेकदा गादीतल्या धुळीच्या किड्यांचा निघतो.

चावा हे सगळ्यात गंभीर कारण, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. लगेच सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. दंडात घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे असतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. चावलेल्या कुत्र्याला त्यानंतर १० दिवस नजरेखाली ठेवायचे असते, कारण तो धडधाकट राहिला की चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळते. रागाच्या भरात त्याच संध्याकाळी कुत्रा सोडून दिला, तर चावा झालेल्या माणसाच्या डॉक्टरांना हा आधारच उरत नाही. दहा दिवस झाले की पशुवैद्याकडून कान, दात आणि सांधे तपासून घ्यावेत. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक चावू लागला, तर बहुतेक वेळा कुठेतरी दुखत असते. जेवताना किंवा हाडूक चघळताना गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मुलांपासून वेगळे, दाराआड खायला द्यावे. बाहेर नेताना जाळीचे मुस्के वापरावे, ज्यातून त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते. कापडी पट्ट्याचे मुस्के तोंड आवळते. ते दवाखान्यातल्या दोन मिनिटांपुरतेच ठीक.

खर्च परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. महागडे पॅकेटचे खाणे बंद करून भात किंवा भाकरी, अंडी, हाडे काढलेले उकडलेले चिकन आणि भोपळा यावर कुत्रा नीट राहतो. पिल्लासाठी मात्र प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. आपल्या जिल्ह्याची दोन्ही मोठी पिके, कांदा आणि द्राक्ष, कुत्र्यांना विषारी आहेत. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तर द्राक्षे आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. ‘आमच्याकडचेच सगळे खातो’ असे सांगणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

यातले काहीच जमत नसेल तर दुसरे घर शोधावे. इथे सहा आठवडे लागतात ते असे. पहिल्या दोन आठवड्यांत लसी आणि जंतनाशक पूर्ण करावे, गोचीड तापासाठी रक्त तपासावे आणि नसबंदी उरकावी. टाके भरायला दहा-बारा दिवस जातात. नसबंदी टाळू नये, कारण जातिवंत आणि नसबंदी न झालेली मादी ‘फुकट द्यायची आहे’ म्हटले की पहिला फोन पिल्ले काढून विकणाऱ्याचा येतो. मग जाहिरात करावी. उजेडातले स्पष्ट फोटो, वय, वजन, किती तास एकटा राहतो, मुलांशी, मांजरांशी आणि दुसऱ्या कुत्र्यांशी कसा वागतो, कोणती औषधे चालू आहेत, हे सगळे लिहावे. दोषही लिहावेत. लपवलेला दोष आठवड्याभरात उघड होतो आणि जनावर परत येते किंवा रस्त्यावर जाते. जाहिरात पशुवैद्यांच्या फलकावर, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि दत्तक देणाऱ्या स्वयंसेवकांकडे द्यावी. पिल्लू ब्रीडरकडून घेतले असेल तर त्यालाही विचारावे.

विचारणा करणाऱ्याच्या घरी स्वतः जावे. घरातले सगळे राजी आहेत का, भाड्याचे घर असेल तर मालकाला माहीत आहे का, मांजरासाठी गॅलरीला जाळी आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. नाशिकमध्ये एका उत्तराला लोक फार चटकन भुलतात: ‘आमच्या मळ्यात ठेवतो, मोकळा राहील.’ प्रत्यक्षात दिंडोरी, निफाड, सिन्नरकडच्या मळ्यांत तो बऱ्याचदा साखळीला बांधलेला राखणदार होतो. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला होता. रात्री साखळीला असलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. द्राक्षबागेतल्या फवारण्यांचा धोका वेगळाच. रात्री बंद खोलीत घेणार असतील तरच मळ्याला होकार द्यावा.

पसंती झाली की पंधरा दिवस चाचणी म्हणून द्यावे आणि कागद करावा. पुढे विकणार नाही, जमले नाही तर आम्हालाच परत देऊ, असे त्यात लिहावे. ओळखपत्राची प्रत घ्यावी. महापालिकेचा परवाना आणि कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर तिच्यावरचे नाव बदलून घ्यावे. सोबत न धुतलेले अंथरूण द्यावे, त्याचा वास त्याला धीर देतो. दहा दिवसांचे सध्याचे खाणेही द्यावे आणि नवे खाणे थोडे थोडे मिसळत वाढवायला सांगावे, एकदम बदलले की जुलाब लागतात. नव्या घरातून कुत्रे बहुधा पहिल्या काही दिवसांतच पळते. म्हणून दोन आठवडे गळ्याचा पट्टा आणि हार्नेस म्हणजे छातीभोवतीचा पट्टा दोन्ही लावूनच दाराबाहेर न्यावे आणि गळ्यात फोन नंबरची पट्टी असावी. मांजराला पहिला आठवडा एकाच खोलीत ठेवावे. जुन्या मालकांनी पहिला महिना भेटायला जाऊ नये. जीव तुटतो हे खरे, पण गेल्याने त्याचे रुळणे लांबते.

बारा-तेरा वर्षांच्या आजारी कुत्र्याला नवे घर मिळणे फार कठीण आणि निवारा त्याला सोसणारा नाही. त्याच्यासाठी घरीच वेदनाशामक उपचार करावेत. वेदना आवरेनाशा झाल्या तर पशुवैद्याशी शांत मरणाबद्दल मोकळेपणी बोलावे आणि त्या वेळी त्याच्याजवळ बसावे.

देशी पोपट आणि तारा कासव यांना हे काही लागू नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते पाळताच येत नाहीत. ते वन विभागाकडे द्यावेत, हेल्पलाइन १९२६ आहे. दुकानातून आणलेले लाल कानपट्टीचे कासव किंवा मत्स्यालयातले मासे गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडू नयेत. ते तिथल्या कासवांचे आणि माशांचे खाणे आणि जागा बळकावतात.

आणि निवाराच उरला असेल तर आधी फोन करून वेळ घ्यावी, स्वतः जाऊन पाहावे. नव्या प्राण्याला वेगळे ठेवायला खोली आहे का, पशुवैद्य किती वेळा येतो, इथून दत्तक दिले जाते का, हे विचारावे. लसीकरणाचे पुस्तक, औषधे आणि अंथरूण द्यावे, दरमहा खर्चाचा वाटा उचलण्याचे लेखी कबूल करावे. कुत्रा चावला असेल तर ते सांगावे, नाहीतर पहिला चावा तिथल्या कामगाराला बसतो. हस्तांतराच्या कागदावर सही केली की त्याच्यावरचा हक्क संपतो, हे घरातल्या सगळ्यांना आधी समजावून द्यावे. रात्री फाटकाला बांधून मात्र जाऊ नये.

महापालिकेकडे एक विनंती आहे. कुत्र्याच्या परवान्याच्या अर्जावर ‘मालक नसल्यास सांभाळणारी दुसरी व्यक्ती’ असा रकाना असावा आणि नूतनीकरणाच्या वेळी तो पुन्हा भरून घ्यावा. याला वेगळा निधी लागत नाही.

कळावे,
प्राणी पुनर्वसनाचे काम करणारे स्वयंसेवक, इंदिरानगर, नाशिक