दरवाजा लावून घ्या, पण कुठला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरच्या घरी स्पीकर बनवण्यावर लेख आला होता तो मी दोनदा वाचला, छानच होता, क्रॉसओव्हर म्हणजे काय (जाड सूर मोठ्या स्पीकरकडे आणि बारीक सूर छोट्याकडे वाटून देणारं सर्किट) हे इतक्या सोप्या मराठीत मी तरी पहिल्यांदा वाचलं. पण शेवटी शेवटी एक वाक्य होतं, की घरात मांजर-कुत्रं असेल तर त्यांना म्युझिक रूमच्या बाहेर ठेवा आणि दरवाजा लावून घ्या. आता आमचं नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधलं वन बीएचके. हॉलला मेन डोअर सोडलं तर दरवाजाच नाही, एकीकडे किचन उघडं, दुसरीकडे पॅसेज, रात्री आईची गादी तिथेच, दिवसा मुलीचा अभ्यास तिथेच, स्पीकर तिथे आणि ठकी म्हणजे आमचं मांजर पण तिथेच. दरवाजा लावायचा तर मेन डोअर, मग जिन्यात मांजर जाणार की मी हे बायको ठरवणार, आणि तिचं उत्तर मला माहितीये.

म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडच्या घरात स्पीकर बनवायचा तर मांजर धरूनच डिझाइन करायचं, मांजर वजा करून नाही. हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही.

शाळेत असताना 4440 आयसीचा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणि माठाला बसवलेला स्पीकर इथून माझी सुरुवात, तेव्हापासून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या चकरा चालूच आहेत, कुर्ला-दादर बदलत ग्रँट रोडला उतरायचं आणि येताना वूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, मांडीवर घेऊन बसायचं. लॉकडाऊननंतर मोठा जोड बनवला. साडेसहा इंची वूफर, एक इंची सिल्क डोम ट्वीटर (बारीक आवाजाचा, रेशमी घुमटाचा छोटा स्पीकर), सव्वातीन फुटी उभा डबा, आणि पुढे खाली पोर्ट म्हणून, म्हणजे डब्यातली हवा आतबाहेर व्हायला, प्लंबिंगचा 75 एमएमचा पीव्हीसी पाइप. समोर कापड म्हणून जूटचं, कारण दिसायला भारी दिसतं. आता ज्यांच्याकडे मांजर आहे ते इथपर्यंत वाचूनच हसले असतील. जूट, उभं, मजबूत, सव्वातीन फूट. मी स्पीकर बनवलाच नव्हता, मांजराला नखं घासायचा खांब बनवला होता, तोही जोडीने.

ठकी आली पावसात, पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटखाली सापडली, हाताच्या पंजाएवढी. पहिल्या आठवड्यातच जुटाच्या दशा लोंबायला लागल्या. मग एक दिवस ऑफिसवरून आलो तर उजव्या ट्वीटरचा घुमट आत गेलेला, पिंगपाँगचा बॉल चेपतो ना तसा, मधोमध बोटभर खड्डा. तो बाहेर कसा काढायचा ते सांगतो कारण ही वेळ प्रत्येकावर येते. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप थेट लावायचा नाही, घुमटच ओढून फाटेल, टिश्यूच्या रोलची पुठ्ठ्याची नळी मध्ये धरायची, बोटांमधून हवा जाऊ द्यायची आणि लांबून हळूहळू जवळ न्यायचं. टुक करून बाहेर येतो. वूफरच्या मधली टोपी चेपली तरी हीच युक्ती, ती जरा दणकट असते, तिथे चिकटपट्टी लावून ओढली तरी चालतं. वूफरचा कागदी कोन मात्र नखाने फाटला तर दोन्ही बाजूंनी टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेविकॉल, एक थर, वाळू द्यायचा, पुरे. मी हे कळायच्या आधी फाटलेला कोन घेऊन दुकानात गेलो होतो तर तो माणूस म्हणाला साहेब मांजर सोडून द्या, वूफर नवा घ्या. दोन्ही सल्ले त्याच्या गल्ल्याच्या बाजूचे.

खरी गंमत पुढच्या पावसाळ्यात झाली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी कमी आणि महाग, म्हणून आमच्याकडे सुक्या बोंबलाची बरणी खाली येते. त्याच दिवसात एका रात्री तबला सोलो लावला होता आणि डाव्या स्पीकरमधून डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला खर्रर्र असा आवाज. फक्त डग्ग्याला, चाटीला काही नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते क्रॉसओव्हरचं सोल्डर सुटलं. तरी डोकं ठेवून आधी अ‍ॅम्पच्या मागे डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल केल्या, खरखर डावीकडेच राहिली, म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष, दोष डब्यात. दुसऱ्या रात्री वूफरचे आठ स्क्रू काढले. तोवर आई दोन दिवस म्हणतच होती की तुझ्या डब्याला वास येतोय रे, आणि मी तिला सांगत होतो की नवीन प्लायला वास असतोच.

आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस असतो, तो अर्धा पोर्टच्या बाजूला ओढलेला. त्याच्याखाली दीड बोंबील, दुधाच्या पिशवीचा कोपरा, मुलीचा हेअर बँड आणि एका पेनाचं टोपण. टोपण पाइपच्या तोंडाशी उभं अडकलेलं, तेच खरखरत होतं. माझा पोर्ट ट्यून होता साधारण 42 हर्ट्झला, म्हणजे त्या जाड सुराच्या आसपास तो सगळ्यात जास्त घुमणार, डग्गा घुमला की त्या पाइपातून हवा जोरात आतबाहेर होते आणि टोपण नाचतं. ठकी बाजूला बसून हे सगळं बघत होती, बोंबील बाहेर आला तशी पुढे येऊन तोंडात धरून निघून गेली, जसं काही मी तिचं कपाट आवरत होतो. कापूस बदलला, आतून पुसून काढलं तरी महिनाभर पोर्टला नाक लावलं की कोळीवाडा.

पाइपला फोमचं बूच मारलं आणि तेव्हा लक्षात आलं की आवाज काही वाईट झाला नाही, उलट आमच्या हॉलमध्ये जरा आवरलेला वाटायला लागला. यात जादू नाही. पोर्टवाला डबा खालचा बेस जास्त देतो पण ट्यूनिंगच्या खाली तो ऑक्टेव्हला (एका सप्तकाला) 24 डेसिबलने कोसळतो, बंद डबा आधीपासून पण सावकाश, 12 डेसिबलने उतरतो. आणि आपल्या हॉलमध्ये स्पीकर भिंतीला टेकूनच ठेवावे लागतात, भिंत आणि कोपरा बेस वाढवून देतातच. म्हणजे पोर्टने मोठा केलेला बेस भिंत अजून मोठा करणार आणि तो शेजाऱ्याकडे जाणार. ऐसपैस खोलीत भिंतीपासून लांब ठेवायला पोर्ट ठीक आहे, वन बीएचकेला बंद डबा, आणि वर त्यात बोंबील जात नाही. तुमच्या लेखात बंद डब्याला दोनच ओळी दिल्या होत्या त्याचं मला वाईट वाटलं.

म्हणून आता नवा जोड करतोय तो असा. पोर्ट नाही. जूट नाही, त्याऐवजी मुलायम घट्ट विणीची पॉलिएस्टर जाळी, ज्यात नख अडकत नाही म्हणून तिला मजाच येत नाही, आणि तिच्या आत ट्वीटरपुरता छिद्राछिद्रांचा पत्रा, छिद्रं जितकी दाट तितकं बरं, नाहीतर वरचे सूर अडतात. बाजूला खराखुरा खांब, पाइपला काथ्याची दोरी गुंडाळून तीन फुटाचा, हलणार नाही असा जड बुडाचा, कारण नुसतं नको म्हणून मांजर ऐकत नाही, त्याला त्याच जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं. डबा एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा, नाही. एमडीएफ ओला झाला की पावासारखा फुगतो, आणि ओला कशाने होतो हे बोका पाळलेल्यांना सांगायला नको, नसबंदी केली की ती खोड बरीच कमी होते पण भरवसा ठेवून एमडीएफ घेऊ नका. मी मरीन प्लाय घेतला, पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा आयएस 710 शिक्का बघून. वरून सनमायका. हाय-फायवाली मंडळी सनमायका म्हटलं की नाक मुरडतात, त्यांना व्हेनियर पाहिजे, पॉलिश पाहिजे. असू दे, नखाचा ओरखडा सनमायकावर दिसत नाही आणि आवाज सनमायकाने बिघडत नाही.

बुडाला 18 एमएमचे दोन थर, डब्यापेक्षा चारी बाजूंनी तीन तीन इंच बाहेर. चार किलोचं मांजर खिडकीच्या कट्ट्यावरून स्पीकरच्या डोक्यावर उडी मारतं तेव्हा आठ इंच रुंद उंच डबा काय करतो ते मी बघितलंय, सुदैवाने समोर सोफा होता. ठाण्यात घोडबंदर रोडला माझा एक मित्र आहे, त्याच्या लॅब्राडोरची शेपटी बरोबर स्टँडच्या उंचीला येते, कोणी आलं की आनंदाने दोन फटके आणि स्पीकर आडवा. त्याने शेवटी स्टँडच्या पोकळ पायात कोरडी वाळू भरली आणि स्पीकर खालून पट्ट्याने बांधला.

याच मित्राकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प आहे, ईएल 34 नळीवाला, आणि इथे मात्र मी मस्करी करत नाही. त्याच्यात 400 व्होल्टच्या आसपास डीसी असतं, काचा हात भाजतील इतक्या तापतात, आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो उतरवायला ब्लीडर रेझिस्टर लावलेला नसेल तर बराच वेळ राहतो. थंडीत मांजराला गरम जागा पाहिजेच. मित्राने अख्ख्या अ‍ॅम्पवर जाळीचा पिंजरा केलाय आणि त्याची जाळी अर्थला जोडलीये. पिंजरा घालायचाच तर तो अ‍ॅम्पला घाला, जनावराला कशाला. मी स्वतः 24 व्होल्टवर चालणाऱ्या क्लास डी या कमी तापणाऱ्या अ‍ॅम्प बोर्डवर आलो, तापत नाही म्हणून ठकीला त्याच्यात रस नाही.

त्या अ‍ॅम्पचा पहिला अडॅप्टर स्वस्तातला होता. तो लावला की ठकी हॉलमधून उठून जायची, गाणं चालू असो नसो, कान मागे करून. मला वाटायचं माझी आवड तिला पटत नाही. मग अडॅप्टर दुसरा आणला आणि ती परत येऊन बसली. आपल्याला 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी, कुत्र्याला 45 च्या आसपास, मांजराला 60 च्याही वर. सीडीमध्ये 22 च्या वर काही नसतंच, त्यामुळे गाण्याचा दोष नाही, पण स्वस्त अडॅप्टर आपल्याला ऐकू न येणारी शिट्टी दिवसभर मारत असतो. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही, मांजर आहे.

एक गोष्ट राहिली, सोल्डर. 60-40 च्या तारेत चाळीस टक्के शिसं असतं, त्याचे थेंब फरशीवर उडतात, पंजाला चिकटतात आणि मांजर पंजा चाटतं. मी सोल्डरिंग आता फक्त किचनच्या ओट्यावर करतो, खाली तुमचाच पेपर अंथरून (पुरवणी नाही, जाहिरातींचं पान), झालं की घडी घालून टाकून देतो. वायरींना केसिंग-पट्टी, दुसरं काही नाही, तिखट वगैरे लावायचे उपाय कोणी सांगितले तर करू नका, क्रूर आहे आणि वास आपल्यालाच येतो.

तुमच्या लेखासोबत तो ग्रामोफोनसमोर शहाण्यासारखा बसलेला कुत्रा छापला होता, आमच्या वडिलांच्या तबकड्यांवर लाल लेबलात असायचा तोच. त्याचं नाव निपर. तो 1895 मध्ये गेला आणि चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड यांनी ते चित्र काढलं त्यानंतर, पहिल्यांदा तर समोर ग्रामोफोन पण नव्हता, फोनोग्राफ होता, ग्रामोफोन नंतर रंगवला. म्हणजे स्पीकरसमोर इतकं गप्प बसलेलं जे एकमेव जनावर आपण उदाहरण म्हणून बघत आलो, ते त्या यंत्रासमोर कधी बसलेलंच नाही.

नव्या जोडाचे प्लाय कापून झालेत, सनमायका या शनिवारी. फक्त डोक्याचा भाग सपाट ठेवायचा की उतरता यावर अजून अडलंय. उतरता केला तर ती बसणार नाही असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो बसेल आणि घसरताना नखं रोवेल. कुठल्या वाचकाने करून बघितलं असेल तर याच पानावर कळवावं, सुतार शनिवारी अकराला येतोय.

आपला,
एक वाचक, नेरूळ