चार रकान्यांच्या कागदाबद्दल आभार

प्रिय ताई,

अंतिम वर्षाच्या मुलामुलींकडून मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या आम्हा सगळ्यांचं हे पत्र. सराव मुलाखत संपली की तुम्ही उमेदवाराच्या हातात एक कागद ठेवता. त्यात चार रकाने असतात: वेळ, प्रश्न, उमेदवाराचे नेमके शब्द आणि ते ऐकून तुमच्या मनात उरलेला प्रश्न. विशेषण मात्र एकही नसतं. 'आत्मविश्वास कमी', 'संवादकौशल्य वाढवा' असे शेरे आपण सगळेच वर्षानुवर्षं देत आलो, पण असा शेरा वाचून उद्या सकाळी उठून काय करायचं हे कुणालाच कळत नाही. 'चौथ्या मिनिटाला, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर सुरू झालं' हे वाचलं की कळतं. या कागदासाठी तुमचे मनापासून आभार.

'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नापुढे तुम्ही लिहिलेल्या वेळा पाहूनच आम्हाला दुखणं दिसलं. उत्तर शाळेपासून सुरू होऊन छंदांपर्यंत जातं, तीन मिनिटं चालतं आणि ज्या जागेसाठी मुलाखत आहे तिचा उल्लेखही येत नाही. तुम्ही घालून दिलेली ९० सेकंदांची चौकट आता आम्ही सगळ्यांना देतो: सध्या काय शिकतो किंवा करतो ते दोन वाक्यांत, मग हातून झालेलं एक काम आणि त्याचा परिणाम, शेवटी हीच जागा का. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवायचं; मधलं फक्त मुद्द्यांनी लक्षात ठेवायचं. सगळं तोंडपाठ केलं की एक शब्द निसटल्यावर पुढची अख्खी माळ तुटते. शेवटचं वाक्य ठरलेलं नसलं तर उत्तर 'बस, एवढंच' म्हणत विरून जातं.

सगळ्यात जास्त आभार 'करण्यात आलं' पकडल्याबद्दल. 'माहिती गोळा करण्यात आली, मग मॉडेल तयार करण्यात आलं, टेस्टिंग करण्यात आलं.' कुणी केलं? प्रोजेक्ट रिपोर्टची ही भाषा मुलांच्या तोंडात इतकी बसलेली असते की ती त्यांना नम्रपणाची वाटते. 'आम्ही केलं' हेही तसंच. चौघांच्या टीममधल्या चौघांनी तेच उत्तर दिलं, तर मुलाखत घेणाऱ्याने कुणाच्या नावापुढे काय लिहायचं? तुमचा उपाय साधा आहे. टीम केवढी होती आणि काम कशासाठी होतं, हे एका वाक्यात 'आम्ही' म्हणून सांगायचं. त्यानंतरचं प्रत्येक क्रियापद 'मी'चं. 'आम्ही चौघं होतो. नोंदी तपासायचं काम माझ्याकडे होतं. ६०० पैकी ४० नोंदी दुबार निघाल्या, म्हणून मी नावाऐवजी फोन नंबरवरून जुळवणी केली.' यात बढाई नाही आणि इतरांचं श्रेयही लाटलेलं नाही, पण ऐकणाऱ्याला धरायला काहीतरी मिळतं.

वेळेची वाटणीही तुमच्याच कागदांवरून ठरली. दोन मिनिटांचं उत्तर असेल तर परिस्थिती सांगायला २० सेकंद, आपली जबाबदारी १० सेकंद, प्रत्यक्ष काय केलं ७० सेकंद आणि परिणाम २० सेकंद. सरावाशिवाय हे उलटं होतं. समोरच्याला संदर्भ कळणार नाही या धास्तीने परिस्थितीच दीड मिनिट खाते आणि केलेलं काम एका वाक्यात उरकलं जातं. संदर्भ कमी पडला तर समोरचा विचारेल, हे तुम्ही मुलांना इतक्या वेळा सांगता, त्याबद्दलही आभार.

रेझ्युमेच्या प्रत्येक ओळीखाली तीन प्रश्न लिहायची तुमची सवय आम्ही जशीच्या तशी उचलली: हे नेमकं काय? दुसरं काही न घेता हेच का घेतलं? आणि हे बिघडलं असतं तर काय केलं असतं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती ओळ काढायची. मुलं हळहळतात, कारण आधीच पान रिकामं वाटत असतं. पण दोन दिवसांत वरवर पाहिलेलं सॉफ्टवेअर 'येतं' म्हणून लिहिलं आणि पहिल्याच उपप्रश्नाला अडखळलं, की उरलेल्या खऱ्या ओळींवरही शंका येते.

नोकरीची जाहिरात वाचायची तुमची रीत आणखी सोपी. त्यातल्या विशेषणांकडे दुर्लक्ष करून फक्त क्रियापदांखाली रेघ ओढायची: विश्लेषण करणे, ग्राहकांशी बोलणे, नोंदी ठेवणे. अशा सहा-आठ गोष्टी निघतात, आणि प्रत्येकीसमोर स्वतःचा एक प्रसंग लिहायचा. पाच-सहा प्रसंग पुरतात, कारण एकच प्रसंग दोन ठिकाणी चालतो. त्यात एक फसलेला आणि एक मतभेदाचा हवाच. नोकरीचा अनुभव नसला तरी प्रोजेक्ट, इंटर्नशिप, एखाद्या कार्यक्रमाचं आयोजन, घरच्या जबाबदाऱ्या हे सगळं चालतं.

तुम्ही प्रत्येकाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारता, याचं मुलांना नवल वाटतं. त्यामागचं कारण त्यांना कळायला हवं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये नोकरीसाठी माणसं निवडायच्या १९ पद्धतींची तुलना केली, तेव्हा ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देते असं दिसलं. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुने आकडे पुन्हा तपासले, तर ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत यादीत पहिली आली. म्हणून अनेक ठिकाणी प्रत्येक प्रश्नाला वेगळे गुण दिले जातात. अशा मुलाखतीत गप्पा रंगल्या म्हणून सुटलेल्या प्रश्नाचे गुण मिळत नाहीत. उलट एक उत्तर फसलं तरी पुढच्या प्रश्नाची पाटी कोरी असते. तिसरा प्रश्न चुकला म्हणून चौथा आणि पाचवाही हातचा घालवणाऱ्या मुलांना तुमचं हे एक वाक्य फार उपयोगी पडतं.

उत्तर येत नसेल तेव्हा काय करायचं, हेही तुम्ही करून घेता. नुसतं 'माहीत नाही' म्हटलं की दार बंद होतं, आणि ठोकून दिलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नात उघडं पडतं. 'मला इथपर्यंत माहीत आहे, पुढचं मी असं शोधीन' एवढं तरी बोलायचं. त्याआधी पाच सेकंद गप्प राहिलं तर चालतं. बोलणाऱ्याला ते फार लांब वाटतात, ऐकणाऱ्याला नाही.

ऑनलाइन मुलाखतीचं थोडक्यात: कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, त्यासाठी लॅपटॉपखाली पुस्तकं, उजेड समोरून, पाठीमागे खिडकी नको, अर्धा तास आधी त्याच अ‍ॅपमध्ये आवाज तपासायचा, संपर्काचा नंबर कागदावर, कारण नेट गेल्यावर मेल उघडत नाही. आवाज उशिरा पोचतो, म्हणून प्रश्न संपल्यावर मनात एक आकडा मोजून मग बोलायचं.

दोन सराव मुलाखतींमध्ये किमान दोन दिवस ठेवायचा तुमचा आग्रह आम्हाला आधी पटायचा नाही. आता पटतो. लागोपाठ घेतल्या तर दुसरी चांगली होते ती उत्तरं तोंडात ताजी असतात म्हणून. दोन दिवसांनी, दुसऱ्या माणसासमोर, प्रश्नांचा क्रम बदलल्यावर जे टिकतं ते खरं शिकलेलं. आणि आदल्या दिवशी सराव नाही. कागदपत्रं, पत्ता, कपडे आणि झोप.

मुलाखतीनंतर २४ तासांच्या आत आभाराची मेल, चार-पाच ओळींची, हेही मुलं आता करतात. त्यात बोलण्यात आलेली एक नेमकी गोष्ट असते, आणि एखाद्या उत्तरात तपशील चुकला असेल तर एका ओळीत दुरुस्ती. हे पत्रही त्याच नियमाने लिहायचा प्रयत्न केला आहे, फक्त लांबी आवरली नाही.

तुमच्या कागदाला आम्ही पाचवा रकाना जोडला आहे: 'दुसऱ्या वेळी काय बदललं'. मुलं आपलं रेकॉर्डिंग ऐकून तो स्वतः भरतात. कोरी प्रत सोबत पाठवत आहोत. काही जास्तीचं वाटलं तर लाल पेनने खोडून परत पाठवा.

तुमचे,
तयारी करून घेणारे आम्ही सगळे