फिशपॉन्डची चिठ्ठी आणि ‘पटवण्या’चे धडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गॅदरिंगचे दिवस आले. नागपुरातल्या कॉलेजांत तालमी सुरू झाल्या आणि कँटीनच्या काउंटरवर फिशपॉन्डची, म्हणजे गॅदरिंगला स्टेजवरून वाचायच्या निनावी चिठ्ठ्यांची, खोकी येऊन बसली. पूर्वी या चिठ्ठ्या कोणाच्या तेल थापलेल्या केसांवर, कोणाच्या फुसक्या बढायांवर असायच्या. आता त्यांत मोबाइलवरच्या ‘पोट्टी कशी पटवायची’ छापाच्या रीलची भाषा उतरते: ‘नाही म्हणते म्हणजे भाव खाते’, ‘तीनदा ना, चौथ्यांदा हां’. त्यांच्याच जोडीला एखादी चिठ्ठी थेट बलात्कारावर विनोद करते. वाचणारा वाचतो, सभागृह शिट्ट्या मारते. या दोन प्रकारच्या चिठ्ठ्यांचे नाते आम्हांला जवळचे वाटते. मुलीचा नकार हिशेबात धरायचा नाही, ही सोय दोन्हींना लागते.

‘पटवणे’ हा शब्द आपला जुना, पण रीलमधले तंत्र आयात केलेले आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात स्वतःला ‘पिकअप आर्टिस्ट’ म्हणवणाऱ्या पुरुषांनी ते पायऱ्यापायऱ्यांनी बांधले आणि २००५ नंतर त्याचे जगभर क्लास झाले. आज ते हिंदीत आणि मराठीतही मिळते, फी भरून किंवा फुकट. टीका करणारे बहुतेक जण ते न पाहताच बोलतात आणि मुले त्यांना हसतात. म्हणून आधी तंत्रच पाहू.

पहिली पायरी मोजणीची. दिवसाला ठरावीक संख्येने अनोळखी मुलींशी बोलायचे आणि दिसल्यापासून तीन सेकंदांत पुढे जायचे, म्हणजे विचार करायला वेळ उरत नाही. इथपर्यंत लाजाळू मुलाला धीर देणारी एखादी गोष्ट यात असेलही. तिढा दुसऱ्या पायरीपासून सुरू होतो. तिला ‘नेगिंग’ म्हणतात, म्हणजे कौतुकात लपवलेला टोमणा. ‘ड्रेस भारी आहे, मागच्या आठवड्यात पण हाच होता न?’ मुलगी हसते आणि खुलासा देऊ लागते. खुलासा सुरू झाला की परीक्षक तो आणि परीक्षार्थी ती.

तिसरी पायरी जागा बदलण्याची. फुटाळा तलावावर वीस मिनिटे, तिथून धरमपेठेत कॉफी, तिथून ‘चार्जर रूमवर राहिला, दोन मिनिटं येतेस का?’ तीन ठिकाणी सोबत गेले की दोन तासांची ओळख दोन महिन्यांची वाटू लागते. शिवाय दर ठिकाणी मैत्रिणी मागे सुटत जातात. चौथी पायरी छोट्या होकारांची. ‘हे जरा पकड’, ‘हात दाखव, रेषा बघतो’. प्रत्येक वेळी थोडा जास्त स्पर्श, आणि तिने हात मागे घेतला नाही की पुढचा टप्पा खुला, असे शिकवतात.

पाचवी पायरी सगळ्यांत वाईट. खोलीत पोहोचल्यावर मुलगी ‘नको’ म्हणते, त्या क्षणाला या क्लासमध्ये चक्क नाव आहे: ‘शेवटच्या मिनिटाचा विरोध’. त्यावरचा उतारा असा, की लगेच मागे हटायचे, दिवा लावायचा, मोबाइल काढून बघत बसायचे आणि अक्षरही बोलायचे नाही. थोड्या वेळाने पुन्हा सुरुवात करायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, पोराने नकार मानला. प्रत्यक्षात नकाराबद्दल अबोल्याची शिक्षा दिली जाते आणि तो अबोला असह्य होऊन तीच माघार घेईल, याची वाट पाहिली जाते. खरे थांबणे आणि थांबल्याचे सोंग यांतला फरक ओळखायला एक साधी खूण आहे. खरोखर थांबलेला मुलगा तिच्यासाठी ऑटो बोलावतो. सोंग करणारा दाराकडे जात नाही.

या पाठात कुठेही मुलीचे उत्तर ऐकायची जागा ठेवलेली नाही. ती हसली तर पुढे जायचे, गप्प बसली तरी पुढे, नको म्हणाली तर थोडे थांबून पुढे. लाजून दिलेला होकार आणि भीतीने आलेली चुप्पी, दोन्ही या गणितात सारखीच. आणि चुप्पी नेहमीची आहे. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांचे शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजले होते, हातपाय हलत नव्हते, आवाज फुटत नव्हता. ‘ओरडली का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रात आहे.

नागपूरकरांनी तर हा प्रश्न विचारूच नये, कारण त्याचे उत्तर याच शहरातून दिले गेले आहे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. (तिचे नाव कायद्याच्या सगळ्या पुस्तकांत आहे, आम्ही मुद्दाम लिहीत नाही.) सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी निमूटपणे शरीर स्वाधीन करणे म्हणजे संमती होत नाही, असे खंडपीठाने स्पष्ट लिहिले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून संमती. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कायद्यात आली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ खाली आहे: त्या विशिष्ट कृतीसाठी, स्वेच्छेने, शब्दांतून किंवा खुणेतून दिलेली निःसंदिग्ध सहमती. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे धरता येत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. कॉफीला आली, रूमवर आली, चुंबनाला हो म्हणाली, यांतले काहीही पुढच्या कृतीची संमती ठरत नाही. नशेत असल्यामुळे आपण कशाला हो म्हणतो हे तिला कळत नसेल, तर तो होकार कायद्याच्या लेखी शून्य. वय अठराच्या आत असेल तर होकाराचा प्रश्नच येत नाही. अकरावी-बारावीच्या ट्यूशनच्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

‘मग मुलीशी बोलायचंच नाही का बे?’ हा हमखास येणारा प्रश्न. बोलायचे. याच नागपूर खंडपीठाने २०२५ मध्ये एका प्रकरणात केवळ ‘आय लव्ह यू’ म्हटल्याने लैंगिक हेतू सिद्ध होत नाही, असे सांगून शिक्षा रद्द केली. त्या निकालावर वाद घालता येईल, पण विचारणे हा गुन्हा नाही, एवढे तरी त्यातून कळावे. गुन्हा सुरू होतो तो स्पष्ट नापसंती कळल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाण्यात आणि संपर्क साधत राहण्यात. तो कलम ७८ चा पाठलाग. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. रीलमध्ये ज्याला ‘चिकाटी’ म्हणतात तो हाच. आणि विचारायला कसरत लागत नाही. ‘आवडेल का?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत हात आपल्यापाशी ठेवावा. ‘आता नको’, ‘बघू’, ‘उशीर झाला’ हे सगळे नकारच आहेत. आपल्याकडे मुली तोंडावर ‘नाही’ क्वचितच म्हणतात, कारण तोंडावर नाही म्हणण्याची किंमत त्यांना ठाऊक असते.

आता विनोदाकडे. ज्युलियन ब्लँक हा अमेरिकेतून असेच क्लास चालवायचा. टोकियोत बायकांची डोकी स्वतःच्या अंगाकडे ओढतानाचे त्याचे चित्रण पसरले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याचा व्हिसा रद्द केला, त्याच महिन्यात ब्रिटनने त्याला प्रवेश नाकारला. त्याने आणखी एक उद्योग केला होता. घरात मार खाणाऱ्या स्त्रियांना आपल्यावरचा छळ ओळखता यावा म्हणून अमेरिकेतल्या डुलुथ गावात एक तक्ता तयार झाला होता: धमकावणे, एकटे पाडणे, पैसे अडवणे, वगैरे. हा तक्ता त्याने ‘बाईला टिकवून कसे ठेवावे’ याची यादी म्हणून टाकला. हंगामा झाल्यावर टीव्हीवर येऊन म्हणाला, तो विनोदाचा फसलेला प्रयत्न होता. आपल्याकडचे ‘मजाक केली न बे, सिरीयस काउन घेतं?’ हे त्याचेच नागपुरी भाषांतर. कारवाई होईपर्यंत धडा, कारवाई झाली की विनोद.

म्हणून बलात्कार या विषयावर विनोदच नको, असे आमचे म्हणणे नाही. जानेवारी २०२१ मध्ये याच शहरातल्या खंडपीठाच्या एका निकालात असे आले होते, की त्वचेला त्वचेचा स्पर्श न होता, कपड्यांवरून बारा वर्षांच्या मुलीची छाती दाबली तर तो पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालचा लैंगिक हल्ला होत नाही. त्यावर दोन तऱ्हेचे विनोद झाले. एका तऱ्हेत त्या मुलीलाच खेचले. दुसरी तऱ्हा थेट सर्वोच्च न्यायालयात वापरली गेली: मग उद्या कोणी शस्त्रक्रियेचे हातमोजे घालून आला तर सुटेल का, असे देशाच्या ॲटर्नी जनरलनी विचारले. हा उपहासच आहे, जळजळीत आहे, आणि त्याचा नेम निकालावर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाल रद्द झाला. मारबतीच्या मिरवणुकीचे शहर आहे हे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बडग्या, म्हणजे मिरवायचा पुतळा, कोणाचा काढायचा, हे महाल भागातल्या लहान पोरालाही कळते: भ्रष्टाचाराचा, महागाईचा, मस्तवाल पुढाऱ्याचा. लुबाडल्या गेलेल्याचा बडग्या कोणी काढत नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड यांनी अशा विनोदांच्या परिणामांचा अनेक वर्षे अभ्यास केला. बायकांना तुच्छ लेखणारा विनोद ऐकून सगळेच बिघडत नाहीत. पण ज्यांच्या मनात आधीच तसा आकस असतो त्यांना ‘इथे हे चालते’ असा निरोप मिळतो. सभागृहात तीनशे मुले हसली, तर त्यांतल्या दोघांसाठी तो हशा परवाना असतो. कोणत्या दोघांसाठी, ते व्यासपीठावरून दिसत नाही.

सांस्कृतिक समित्यांनी काय करावे? फिशपॉन्डचे खोके दोन दिवस आधी बंद करावे. चिठ्ठ्या वाचायला किमान चार जण बसावेत, त्यांत दोन विद्यार्थिनी. तीन ढीग करावेत: वाचायच्या, ज्याच्यावर आहेत त्याला आधी दाखवून मगच वाचायच्या, आणि न वाचायच्या. तिसऱ्या ढिगातली धमकीची किंवा कोणाच्या शरीरावरची चिठ्ठी फाडू नये. तारीख घालून पाकिटात अंतर्गत तक्रार समितीकडे द्यावी, कारण तक्रार झाली तर तोच पुरावा. लैंगिक शेरेबाजी हा कलम ७५ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि माइकवरून दुसऱ्याची चिठ्ठी वाचली म्हणून वाचणारा सुटेलच असे नाही.

तरीही घोटाळा होतो, आणि तो बहुधा स्क्रिप्टबाहेर होतो. पुढच्या ग्रुपचा मेकअप बाकी असतो, साउंडवाला वायर शोधत असतो, आणि विंगेतून कोणीतरी निवेदकाला म्हणते, ‘पाच मिनिटं काढ बे.’ त्या पाच मिनिटांत रीलमधले सगळे बाहेर पडते. उपाय स्वस्त आहे: तपासलेल्या वीस जास्तीच्या चिठ्ठ्या निवेदकाच्या खिशात ठेवाव्यात.

तक्रार समितीबद्दल एवढेच, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, कारण असेल तर आणखी तीन महिने वाढते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. मुली बहुतेकदा मुलाला ब्लॉक करून सगळी चॅट डिलीट करतात आणि केस तिथेच लंगडी होते. आधी नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, चॅट ईमेलवर पाठवून ठेवावी, मग ब्लॉक करावे.

शेवटी, संपादक महोदय, थोडे आपल्या पानांबद्दल. ‘छेडछाड’ हा शब्द बंद करावा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी काढलेल्या पुस्तिकेतही इंग्रजीतल्या त्याच्या भावंडाऐवजी ‘रस्त्यावरचा लैंगिक छळ’ या अर्थाचा शब्द सुचवला आहे. ‘एकतर्फी प्रेमातून’ ऐवजी ‘नकार दिल्याने’ लिहावे. आणि ‘नराधम’ टाळावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,८८२ पुरुष विद्यार्थ्यांना ‘बलात्कार’ हा शब्द न उच्चारता फक्त कृती वर्णन करून प्रश्न विचारले. १२० जणांनी बलात्कारात किंवा त्याच्या प्रयत्नात मोडणारी कृती केल्याचे सांगितले, ७६ जणांनी एकापेक्षा जास्त वेळा. शब्द वापरला असता तर कोणी हो म्हटले असते का? ‘नराधम’ वाचून ही मुले पान उलटतात. तो कोणी दुसरा असतो. ‘वर्गमित्राने नकारानंतरही’ असे मथळ्यात आले, तर कदाचित थांबतील. आणि बातमीखाली अर्धी ओळ रिकामी राहिली, तर तिथे १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक टाकावा.

आपले,
महाविद्यालयीन तक्रार समित्यांवर काम करणारे दोघे, नागपूर
(नावे छापू नयेत, ही विनंती)