मागची चाके कुठे आहेत?

मुंबई

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

एवढे अजस्र विमान जमिनीवर अरुंद वाटेने रेषेवरून इतके नेमके कसे नेता, असे तू विचारले आहेस. मी सध्या बोइंग ७७७-३००ईआर चालवतो, म्हणून त्याच विमानाच्या आधाराने लिहितो.

विमानाची चाके इंजिनाने फिरत नाहीत. ती मोकळी असतात आणि इंजिनांचा जोर सबंध विमानाला पुढे रेटतो. दिशा देतात ती नाकाखालची चाके. ती वळवण्यासाठी वैमानिकाच्या बाजूला टिलर नावाची छोटी मूठ असते. तिने चाके सुमारे ७० अंशांपर्यंत वळतात. पायाखालच्या रडर पेडलने मात्र जेमतेम ७ अंश वळण मिळते, आणि धावपट्टीवर वेग घेताना तेवढेच हवे असते, कारण त्या वेगात टिलरचा एखादा झटका महागात पडेल.

खरी मेख पुढेच आहे. नाकाची चाके आणि पंखांखालची मुख्य चाके यांच्यात ३१ मीटरांहून अधिक अंतर आहे, आणि मी बसतो तो नाकाच्या चाकांच्याही साधारण साडेतीन मीटर पुढे. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वेशीतून आत घेताना तुझा भाऊ कोपरा ओलांडून बराच पुढे जातो आणि मगच वळतो, नाहीतर मागची ट्रॉली कोपऱ्यावर चढते, आमचेही तसेच. नाकाची चाके पिवळ्या रेषेवरून नेली, तर मुख्य चाके वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीकडे नेणारी वाट, २३ मीटर रुंद आणि मुख्य चाकांचा बाहेरून बाहेरपर्यंतचा पसारा जवळजवळ १३ मीटर, म्हणजे सरळ चालतानाही दोन्ही बाजूंना पाचेक मीटरच उरतात. वळणांवर फरसबंदी वाढवलेली असते, पण सगळीकडे ती पुरत नाही. म्हणून अवघड वळणावर मी रेषा ओलांडून पुढे जातो, स्वतः जवळजवळ गवतावर पोहोचतो आणि मग टिलर फिरवतो. पहिल्यांदा असे करताना पोटात गोळा येतो.

इतक्या लांबीपायी बोइंगने दोन सोयी केल्या आहेत. मुख्य चाकांच्या प्रत्येक संचात तीन आस असतात, आणि नाकाची चाके १३ अंशांहून अधिक वळली की त्यांतला मागचा आस उलट दिशेने थोडा वळतो, त्यामुळे टायर कमी घासतात. शिवाय पोटाखाली आणि शेपटीच्या आडव्या पंखांवर कॅमेरे असून चाके कुठे आहेत ते कॉकपिटमधल्या पडद्यावर दिसते. माझ्या मते मात्र कॅमेरा हा पडताळा आहे. वळण कधी सुरू करायचे हे आधीच डोक्यात पक्के असावे लागते.

वेगाचाही चकवा असतो. इतक्या उंचावरून जमीन संथ सरकताना दिसते, म्हणून अंदाजावर न जाता आकडा पाहावा लागतो: सरळ वाटेवर फार तर ३० नॉट (ताशी सुमारे ५५ किलोमीटर), काटकोनी वळणाआधी १० च्या आसपास, आणि ओल्या जमिनीवर त्याहूनही कमी, कारण तिथे नाकाची चाके वळलेली असूनही विमान सरळच घसरू शकते.

पंखांच्या टोकांना मात्र या कॅमेऱ्यांचा उपयोग नाही, आणि बसल्या जागेवरून ती दिसतही नाहीत. ११ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एअर फ्रान्सच्या ए-३८० विमानाच्या पंखाचे टोक एका छोट्या विमानाच्या शेपटीला लागले आणि ते विमान जागच्या जागी गर्रकन फिरले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. त्यानंतर अमेरिकेच्या तपास मंडळाने मोठ्या विमानांच्या पंखांची टोके सांभाळणारी यंत्रणा कॉकपिटमध्ये असावी अशी शिफारस केली. तोवर आमच्यापुढे एकच मार्ग आहे: अवघड वळण वगळता रेषा सोडायची नाही, आणि शंका आली की थांबून जमिनीवरचा माणूस मागवायचा. यात उशीर झाला तरी कमीपणा वाटून घेऊ नये.

शेवटच्या थांब्यावर समोरचा फलक किंवा मार्शल (हातवारे करून वाट दाखवणारा माणूस) रेषेपासून डावी-उजवी आणि उरलेले अंतर दाखवत राहतो. तिथे थांबण्यापूर्वी नाकाची चाके सरळ करून विमान थोडे पुढे घ्यायचे, म्हणजे चाकांच्या खांबांवर पीळ राहत नाही.

ती. काकूंना माझा नमस्कार सांग. पुढच्या पत्रात विमान मागे ढकलणाऱ्या ट्रॅक्टरविषयी लिहितो.

तुझा,
श्रीकांत