विधी महाविद्यालय निवडताना

महोदय,

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीच्या 'क्लॅट' परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो: बेंगळुरूचे नॅशनल लॉ स्कूल मिळते का, नाही तर हैदराबादचे नालसार, तेही नाही तर जे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळेल ते. पहिल्या दोन-तीन नावांबद्दल वादच नाही. प्रश्न यादीत खाली गेल्यावर येतो. वर्षाला काही लाख शुल्क भरून दूरच्या, नव्या विद्यापीठात जायचे, की मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय (स्थापना १८५५) किंवा पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय (१९२४) निवडायचे?

ज्याला वकिलीच करायची आहे, त्याने दुसरा पर्याय नीट तपासावा, असे मला कळकळीने वाटते. मुंबईचे शासकीय महाविद्यालय चर्चगेटला आहे; तिथून उच्च न्यायालय चालत गाठता येते. शिकता शिकता एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये बसता येते. शिवाय आपल्या जिल्हा न्यायालयांत कामकाज मराठीतून चालते. तिथली ओळखपाळख आणि भाषेचा सराव इथेच होतो. मोठ्या लॉ फर्मची नोकरी हवी असेल तर मात्र राष्ट्रीय विद्यापीठांची कॅम्पस भरती उजवी, हे मान्य.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. 'क्लॅट' डिसेंबरमध्ये होते, आपल्या राज्याची विधी प्रवेश परीक्षा (सीईटी) त्यानंतर काही महिन्यांनी. तोवर पालकांनी दुसरीकडे पैसे भरलेले असतात. ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाने बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा आणि प्रवेशफेऱ्या अलीकडे आणाव्यात, म्हणजे मुलांना दोन्ही पर्याय समोर ठेवून निवड करता येईल.

— एक पालक, सातारा