ई-७ चा हिरवा

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या मॉडेल रेल्वेतल्या ई-७ या डिझेल इंजिनाला सरळ काळा मारून वर सोनेरी पट्टे ओढायचा बेत वाचला आणि लगेच लिहायला बसलो. काळ्याची बाटली उघडू नकोस.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचं ते इंजिन काळं नव्हतंच. कागदोपत्री त्या रंगाचं नाव 'डार्क ग्रीन लोकोमोटिव्ह एनॅमल', बोलताना सगळे ब्रन्सविक ग्रीन म्हणतात. सावलीत तो काळाच वाटतो, आणि कृष्णधवल फोटोंनी तर पार घोळ करून ठेवलाय. पण उन्हात, काळ्या ट्रकांच्या, म्हणजे चाकांच्या बोगींच्या, वर बघितला की हिरवा कळतो. तेवढीच छटा आपल्याला मॉडेलवर आणायची आहे. शिवाय तुझ्याकडे त्याच रेलरोडचं जीजी-१ हे विजेचं इंजिन आहे. वीज हॅरिसबर्गपर्यंतच होती, तिथे जीजी-१ गाडीपासून सोडवायचे आणि पुढे शिकागोकडे ब्रॉडवे लिमिटेड ही प्रवासी गाडी डिझेल ओढायचं. दोघांचा हिरवा एकच, पाच पट्टेही तेच. शेजारी उभी केलीस की चूक लपणार नाही.

काळ आधी ठरव. ई-७ १९४५ ला आलं, म्हणजे हिरवा आणि पाच पट्टे बिनधास्त कर. १९५२ पासून प्रवासी डिझेलना डब्यांशी जुळणारा टस्कन लाल (तपकिरी झाकेचा गडद लाल) लागू लागला, पाच पट्टे तेव्हाही होते. एकच रुंद पट्टा त्यानंतरचा. या काळातल्या हिरव्या इंजिनावर रुंद पट्टा घेऊ नकोस. आणि बॉडी खरंच ई-७ ची आहे ना, ते बघ: बाजूच्या खिडक्या चौकोनी हव्यात, गोल असतील तर ते ई-८.

आता काम. काचा, दिव्याची भिंगं, कठडे काढून घे. जुना रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये उतरतो, पण दर अर्ध्या तासाने बघत राहा. काही प्लास्टिक जास्त वेळ भिजलं की ठिसूळ होतं. मऊ ब्रशने घास, भांड्याच्या साबणाने धू, एक दिवस वाळू दे आणि नंतर हातमोज्यांशिवाय हात लावू नकोस. बोटाचं तेल लागलं तिथेच रंग सुटतो.

प्राइमर राखाडीच. सगळा खेळ इथे आहे. काळ्या प्राइमरवर हा हिरवा बुडतो, कितीही थर दे, वर येत नाही. पांढऱ्यावर उलट, कडा हिरव्या उजळतात आणि खेळणं वाटतं. तयार रंग मिळाला नाही तर तीन भाग गडद हिरवा, एक भाग काळा इथून सुरुवात कर. प्लास्टिकच्या तुकड्यावर मार, पूर्ण वाळू दे, शेजारी शुद्ध काळ्याचा ठिपका दे आणि मग ठरव. ओला रंग बघून ठरवलंस तर फसशील. उजळायचा असेल तर पांढरा घालू नकोस, खडूसारखा दिसतो. पिवळसर हिरव्याचे दोन-चार थेंब पुरतात. आणि बघायचं ते लेआउटवरच्या दिव्याखाली. पिवळ्या दिव्यात हा रंग काळपट होतो, थंड पांढऱ्यात निळसर.

एअरब्रशचं तोंड ०.३ मिमी, दाब १५ ते २० पीएसआय, अंतर १० सेंमीच्या आसपास, रंग दुधाइतका पातळ. तीन पातळ थर. लांबून मारलास तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग रव्यासारखा लागतो. एप्रिलच्या उकाड्यात अ‍ॅक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळतो, तेव्हा रंग सावकाश वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब घाल.

मग चकचकीत क्लिअर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, दोन दिवस वाळवून. हा थर टाळू नकोस. पट्टे डिकॅलचे, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील फिल्मचे; खरखरीत रंगावर डिकॅलखाली हवा अडकते आणि पट्ट्यांच्या मधल्या फिल्मवर चंदेरी डाग उमटतात. या गडद हिरव्यावर ते लांबूनही दिसतात.

पट्टे हे या इंजिनाचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर अंग. रंग धातूचा सोनेरी नको. पट्ट्यांच्या मूळ रंगाला, डुलक्स गोल्डला, चमचम नसते, तो दाट पिवळट आहे. आधी इंजिनाच्या नाकावरचे पट्टे लाव, मधून बाहेरच्या बाजूला, मग बाजूचे पट्टे त्याला जोड. बाजूपासून सुरुवात केलीस तर पुढे येईपर्यंत अर्ध्या मिलिमीटरचा फरक साचतो आणि पाचही रेषा नाकावर चुकतात. खालच्या कडेपासूनची उंची दर तीन सेंमीवर कॅलिपरने तपास. जागा पक्की झाली की मगच मायक्रो सोल, डिकॅल मऊ करणारं द्रावण, लाव. फिल्म सुरकुततो तेव्हा घाबरून बोट लावू नकोस, वाळताना तो आपोआप बसतो. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटींवर नवीन पात्याने हलका छेद दे आणि पुन्हा थेंबभर सोल सोड.

ट्रक काळे रंगवताना चाकांचा रुळाला लागणारा भाग झाक, नाहीतर वीज पोचणार नाही आणि दोष तू मोटारीत शोधत बसशील. शेवटी सॅटिन (अर्धवट चमकेचा) क्लिअर. प्रवासी इंजिनं धुतली जायची, म्हणून मळवताना हात आखडता ठेव: आत दोन डिझेल आहेत, तेव्हा छतावर काजळी दोन ठिकाणी, ट्रकांवर थोडी तपकिरी धूळ, बस.

सॅटिन मारण्याआधी नाकाचा फोटो पाठव, समोरून आणि दिवसाच्या उजेडात काढलेला. रेषा हलवायची असेल तर ती तेव्हाच हलते.

तुझा,
नंदू